कोरड्यावरची नाव

नाव ही बाईमाणूस, म्हणून बाईनं तिच्या अंगात खिळा मारायचा नाही, असा आमच्या वस्तीचा रिवाज होता. तो कुणी काढला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळायला सगळे पुढं. बायकांनी ताग कुटायचा, तेलात राळ कढवायची, डोक्यावरून पाणी आणून नावेला पाजायचं, नाव ढकलताना वाटेतले धोंडे उचलायचे. एवढं सगळं चालायचं, खिळा तेवढा चालायचा नाही. मी तो मारला. एक नव्हे, पाटीभर मारले. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आता केस पांढरे झाल्यावरही वाटत नाही.

भीमेवर धरण व्हायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. डाळजच्या खालच्या अंगाला नदीकाठी नावाड्यांची पाचपन्नास माणसांची वस्ती होती. ती जागा आता धरणाच्या पाण्यात गेली आहे.

माझं माहेर जळोचीचं. वडील कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरच्या करायचे आणि बारामतीच्या बाजारात न्यायचे. मूळचे आम्हीही नावाडीच, पण आजोबांच्या वेळी घराणं मातीत उतरलं ते उतरलंच. वडिलांनी मला परत नदीवर दिली तेव्हा आळीतल्या बायका आईजवळ येऊन हळहळल्या. "घर न्हाय, दार न्हाय, पोर पाण्यात दिली की गं!" आई बिचारी डोळे पुसत राहिली. मी आतून ओरडले, "दिली तर दिली! तुमाला घाबरून ऱ्हाती का काय मी?" घाबरले होते. पण ते त्यांना कशाला सांगायचं?

दोन बैलगाड्या एकीमागं एक उभ्या केल्या की होईल तेवढी आमची नाव होती. सपाट बुडाची, मध्ये डोलकाठी, मागच्या बाजूला बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा. तो आडोसा म्हणजे माझं माजघर, स्वयंपाकघर आणि कोठी. फुटक्या घमेल्याला आतून माती लिंपून त्याची चूल केलेली, आणि ती चूलही दोरीनं बांधलेली. नावेत सगळंच बांधलेलं असायचं. तवा बांधलेला, पिठाचा डबा बांधलेला, कोंबडी पायानं बांधलेली. मुलगी झाली आणि रांगायला लागली तेव्हा तिच्याही कंबरेला सुती दोरी घालून दुसरं टोक डोलकाठीला बांधलं. काठापर्यंत पोचेल पण काठावरून वाकता येणार नाही, एवढीच दोरी. माहेरच्यांनी ते पाहिलं तेव्हा मला कसाई म्हणाले. त्यांच्या दारात विहीर उघडी होती, त्याचं काही नाही!

नदीला पाणी असेतोवर आम्ही नावेतच राहायचो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून यायचा आणि पाणीही पूर्वेला वाहायचं, त्यामुळं खाली जाताना शीड उभारलं की झालं. काठाकाठानं बाजरी, कांदे, गुळाच्या ढेपा, कधी एखादं वऱ्हाड, एकदा तर लेकीकडं निघालेली म्हैस, असं सगळं न्यायचो. इंदापूरच्या बाजाराचा माल खालच्या घाटावर उतरवायचो. येताना मात्र शीड गुंडाळायचं, नवरा काठावरून दोर ओढत चालायचा आणि मी सुकाणू धरायची. पुराचं पाणी पिठल्यासारखं असायचं. हंड्याला आतून निवळीची बी घासली की तासाभरात गाळ खाली बसायचा. वरचं पाणी प्यायला, खालचा गाळ चूल लिंपायला. काहीच वाया जायचं नाही.

आणि रोज दुरुस्ती. नाव जनावरासारखी असते, रोज तिचं काहीतरी दुखतं. आज सांधीतून पाणी झिरपलं, उद्या दोर उसवला, परवा शिडाला भोक. शिडाची ठिगळं मी दाभणानं लावायची. माझं लुगडं विटलं की त्याचा धडका भाग शिडाला जायचा. ते चालत होतं बरं का. शीड हे नावेचं कापड, ते बाईनं शिवायचं. लाकूड आलं की बाईनं मागं व्हायचं.

एका वर्षी पौषात पाणी उतरत चाललेलं असताना नाव खडकावर आदळली. नाळेजवळची, म्हणजे पुढच्या टोकाजवळची, बुडाची फळी फुटली. नाव वाचवायला नवऱ्यानं हात पुढं घातला आणि त्याचा उजवा पंजा नाव आणि खडक यांच्यामध्ये चिरडला. बोटं राहिली, मुठीतला जोर गेला. वस्तीवरच्या लोकांनी नाव ओढून काठावर घेतली, उताराच्या वरच्या अंगाला, आणि उन्हाळाभर ती तिथंच राहिली.

आता आबांबद्दल सांगते. आबा म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलते आणि वस्तीचे कारभारी. बोटाच्या पेरानं फळीवर टकटक करून ते नावेचं वय सांगायचे. कुठली नाव दुरुस्त करायची, कुठली कधी पाण्यात घालायची, सगळं त्यांच्या शब्दावर. नाव पाण्यात घालायचा दिवस मोठा असायचा. आबा नारळ फोडायचे, वस्तीतला प्रत्येक बाप्या नावेला हात लावायचा आणि सगळे मिळून ढकलायचे. त्या हातांशिवाय नाव हलायचीच नाही, एवढी ती जड. आणि जी नाव त्या वर्षी पाण्यात गेली नाही ती मेली, असा हिशेब. एक पाणी चुकलं की फळ्या उन्हानं कायमच्या उलतात. मग ती नाव फोडायची आणि तिचं लाकूड भावकीच्या नावांना वाटायचं.

चैत्रात आबा आले, आमच्या नावेभोवती फिरले, टकटक केली आणि नवऱ्यासमोर बसले. मी आडोशाला होते.

"तुज्या हातात जोर न्हाय," ते म्हणाले. "नाव ठिवून करायचं काय? समद्यांच्या नावांस्नी लाकूड लागतंय. फोडूया. तुला साखर कारखान्यावर लावतो, तितं एका हातानं बी काम भागतंय."

नवरा मातीवर काडीनं रेघा ओढत बसला. हो म्हणेना की नाही म्हणेना. मी डोक्यावरचा पदर ओढून पुढं झाले.

"आबा, ती नाव न्हाय, माझं घर हाय. तुमचं घर फोडून कुणाच्या गोठ्याला वासं देता का?"

"बाईमाणसानं मधी बोलू न्हाय."

"मग बाप्याला बोलाया सांगा. त्यो गप बसलाय."

त्या दिवशी मला आबांपेक्षा नवऱ्याचा राग जास्त आला. हात मोडला होता, जीभ नव्हती मोडली.

आबा शांतपणे म्हणाले, "दुरुस्ती कोन करनार? वस्तीतला येक हात येनार न्हाय."

"मी करीन."

आजूबाजूला जमलेले हसले. आबा हसले नाहीत. "पोरी, बाईनं बाईला खिळा मारायचा नसतो. असल्या नावंला नदी ठिवून घेती."

"बाईचं बाळंतपण कोन करतं, आबा? बाईच करती न्हवं? तवा एक बाप्या तिकडं फिरकत न्हाय. मोडलेल्या बाईजवळ बाईच लागती."

आबा उठले. जाता जाता एवढंच म्हणाले, "कर मग. पर हात मागू नगंस."

मी कशाला मागते!

वडिलांना निरोप धाडला. ते स्वतः गाडी जुंपून आले. कालव्यामुळं आमच्या विहिरीवरची मोट कधीचीच बंद पडली होती आणि तिचं बाभळीचं लाकूड मळ्यात पडून होतं. तेच त्यांनी आणलं. म्हणाले, "पान्यावरचंच लाकूड हाय. त्येला पान्याची सवय हाय." भिगवणच्या सुतारानं त्याची फळी कापून दिली. त्याचा आणि आमच्या रिवाजाचा काही संबंध नव्हता, त्यानं हूं की चूं केलं नाही. जुने खिळे मी पहारीनं उपसले, दगडावर ठोकून सरळ केले. कमी पडले ते लोहाराकडून आणले.

फळी बसवणं हे एकट्याचं काम नाही. गिरमिटानं भोक पाडायचं, बाहेरून खिळा ठोकायचा, आणि आतून कुणीतरी जड दगड दाबून धरायचा, म्हणजे फळी मागं उसळत नाही. मग आत निघालेलं टोक वाकवून लाकडात बसवायचं. मला आतलं माणूस नव्हतं. मी बाहेरून दोन घाव घालायची, चढून आत जायची, बघायची, परत उतरायची. अंगठ्यावर हातोडा बसला, नख काळं पडलं. वाटेनं जाणारी माणसं मुद्दाम थांबायची. एक म्हणाला, "वैनी, पाळना करताय जनू?" मी म्हटलं, "तिरडी. तुमचं माप सांगा." नंतर तो थांबला नाही.

नवरा थोड्या अंतरावर करंजाच्या झाडाखाली पाठमोरा बसायचा. मला वाटायचं हातोडा उचलून त्याच्याच पाठीत घालावा. एके सकाळी मी असाच खिळा ठोकत होते आणि मागून आवाज आला, "तिरका चाललाय."

मी वळून पाहिलं. तो पाठमोराच होता.

"तुमाला दिसतंय का पाठीनं?"

"ऐकू येतंय," तो म्हणाला. मग उठला, नावेत चढला, डाव्या हातानं दगड उचलला आणि आतून फळीला दाबून धरला. "हाण आता."

मी हाणला. हाणताना रडत होते, पण ते बाहेरच्या बाजूला होतं, त्याला दिसलं नाही. दिसलं असतं तरी काही बिघडलं नसतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं कामाला लागलो.

फळी बसली. मग कुटलेला ताग राळेच्या तेलात भिजवून प्रत्येक सांधीत ठासला, वरून डांबर फासलं. त्यानंतर नावेला पाणी पाजलं. डोहातून हंडे आणायचे आणि नावेत ओतायचे, आतून लाकूड फुगतं आणि सांधी आवळून धरतात. कुठं पाझर लागतो तेही बाहेरून दिसतं. जिथं थेंब फुटला तिथं मी कोळशानं फुली मारली आणि ती जागा पुन्हा ठासली. नव्या फळीला एकही फुली पडली नाही. मला एवढा गर्व झाला की त्या दिवशी मी भाकऱ्या करपवल्या.

ज्येष्ठ आला. इतरांच्या नावा एकेक करून पाण्यात गेल्या. दरवेळी आबांचा नारळ, दरवेळी सगळ्यांचे हात. आमच्या नावेकडं कुणी आलं नाही. नवरा म्हणाला, "मी जातो आबांकडं. पाय धरतो."

"जायचं न्हाय."

"आगं, पन न्यायची कशी?"

"आपुन न्यायचीच न्हाय. नदीला येऊ दे न्यायला."

नाव होती उताराच्या वरच्या अंगाला. बरा पूर आला की पाणी तिथवर चढतं हे त्यालाही माहीत होतं. नाही चढलं तर त्या वर्षाचं पाणी चुकलं, आणि मग कुऱ्हाडी. पण त्यानं नाही म्हटलं नाही. नावेचा दोर त्यानं करंजाच्या खोडाला बांधला.

मी माझा संसार उचलला आणि कोरड्या नावेत नेऊन मांडला. चूल बांधली, तवा बांधला, कोंबडी बांधली, पोरगी डोलकाठीला बांधली. डोलकाठीवर धुणं वाळत घातलं. रोज सकाळ-संध्याकाळ फळ्यांवर पाणी मारायचं, म्हणजे उन्हानं उलू नयेत. घाटावर येणारी-जाणारी माणसं पोट धरून हसायची. "काय वैनी, कुठवर आली नाव?" मी म्हणायची, "इंदापूर गेलं मागं. तुमीच अजून हितंच?" हसायचं तेवढं हसून घेतलं लोकांनी. पण रात्री पडल्यावर नदीचा आवाज लांब वाटायचा. मी हट्टानं लेकराचं घर घालवते की काय, हा विचार यायचा. सकाळ झाली की मी पुन्हा हंडा उचलायची.

आमच्याकडं पाऊस असा नाहीच. इंदापूर तालुक्यात ढग येतात ते नुसते तोंड दाखवायला. पण तिकडं वर घाटमाथ्यावर तो कोसळतो आणि त्याचं पाणी मागाहून इथं येतं. आषाढात एक दिवस लख्ख ऊन पडलेलं, आभाळात कापसाएवढाही ढग नाही, आणि नदीला मातीचा वास सुटला. मग फेस आला, मग ओंडके. दुपारच्या आत पाणी उतारावर चढायला लागलं.

माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायची, आबांच्या खोपीत राहायची. नावेत तिला मळमळायचं. चैत्रापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी पोरीला दोरीतून सोडवून तिच्या हवाली करायला गेले, तर तिनं पोरगी कडेवर घेतली, बोचकं उचललं आणि माझ्यामागोमाग नावेकडं चालायला लागली.

"आत्याबाई, तुमी कुठं?"

"कुठं म्हंजी? बुडायचं तर समदी बुडू. मागं ऱ्हाऊन आबाची भाकर कोन खानार?" असं म्हणून ती चढली आणि डोळे मिटून डोलकाठीला धरून बसली.

पाणी नावेला लागलं. नवरा डाव्या हातानं सुकाणू धरून उभा. मी वाकून नव्या फळीवर तळहात ठेवला. बाहेर पाणी वीतभर चढलं, हातभर चढलं, आत फळी कोरडी. नाळ उचलली गेली, डुलायला लागली. पण मागचा भाग उन्हाळाभर एका जागी बसून मातीत रुतला होता, तो सुटेना.

तोवर सगळी वस्ती काठावर गोळा झाली होती. आबांनी एक नजर टाकली. त्यांना कळलं की नाव जाणार. त्यांनी धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. त्यांच्यामागून सगळे बाप्ये उतरले, सवयीनं, जसे दर वर्षी उतरायचे. खांदे नावेच्या मागच्या फळीला लागले. आबांनी दोन्ही तळवे टेकवले आणि हाळी दिली, "हं, लावा हात! म्होरं!"

मी नाळेकडून मागं धावले.

"हात काढा!"

कुणाला कळेना. आबा वर बघून म्हणाले, "आगं, मागनं रुतलीया. ढकलल्याबिगर निघायची न्हाय."

"ऱ्हाऊ दे रुतलेली. हात काढा, आबा."

"पोरी, हट्ट नगं करू. पान्याचा भरवसा न्हाय. आत्ता चढलंय, घटकाभरानं उतरंल. मग बसशील."

ते खरं बोलत होते, हे मला कळत होतं. आणि हेही कळत होतं की आता या हातांनी नाव निघाली, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या घाटांवर हेच सांगितलं जाणार, की वस्तीनं नाव पाण्यात घातली, आबांनी पोरीला माफ केलं. मी नवऱ्याकडं पाहिलं. मला त्या क्षणी नदीची नव्हती एवढी त्याची भीती वाटली. चैत्रात तो मातीवर रेघा ओढत बसला होता.

तो आबांकडं वळला. म्हणाला, "ती म्हनती तसं करा, आबा. नाव तिनं केलीया."

एकेक खांदा निघाला. सगळ्यात शेवटी आबांचे तळवे.

पाणी चढत होतं आणि नाव तशीच. मागची फळी कुरकुरली आणि थांबली. आत्याबाई डोळे मिटून पुटपुटत होती. मी मनात नदीला म्हणत होते, आई, ये गं, एवढं वीतभर ये. आणि मग पायाखालचं सगळं एकदम हलकं झालं. कुणीही हात न लावता ती माझी बया उठली.

आबा कंबरभर पाण्यात उभे होते, तळवे अजून तसेच पुढं धरलेले. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक नाव ढकलली होती. मला त्यांची दया आली का? नाही आली. नवरा म्हणाला, "दोर सोड." मी सोडला.

नातवंडं ही गोष्ट ऐकतात आणि म्हणतात, "आजी, म्हातारा मदतीलाच आला होता की. लावू द्यायचा होता हात."

मी त्यांना सांगते, मला हात चैत्रात हवा होता. आषाढात नदी होती.